काळजातली तार

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या गल्लीतली एक गाय मेली. गाय मेली यात सांगण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. भाईंदरात रोज काहीतरी मरतंच. पण ही गाय मी आतून पाहिली. तिचं काळीज या दोन हातांनी धरलं. त्यावरून माझं आणि माझ्या बापाचं पंधरा दिवस बोलणं बंद होतं. म्हणून हे लिहायला बसलो.

मी भाईंदर पूर्वेला पत्तीच्या मिलमध्ये आहे. मिल म्हटलं की लोकांना परळ-लालबाग आठवतं, १९८२ चा संप आठवतो. ती मिल वेगळी. आमची मिल म्हणजे पत्र्याची एक शेड, रोलची दोन मशिनं, एक भट्टी, ॲसिडची टाकी आणि वीसेक माणसं. स्टेनलेसची जाड पट्टी रोलमधून काढायची, पातळ करायची, भट्टीत नरम करायची, परत काढायची. पुढं तिची चकती कापतात, प्रेसवर डबा होतो, पॉलिशवाला चमक आणतो. तुमच्या मांडणीवरचा एखादा डबा आमच्या हाताखालून गेला असेल. चमक तुमच्याकडं येते. कड आमच्याकडं राहते. पत्तीची कड सुरीसारखी असते. माझ्या डाव्या तळव्यावर नशिबाच्या रेषा कोणत्या अन् पत्तीच्या कोणत्या, हे ज्योतिषालाही सांगता येणार नाही.

आमच्या गेटासमोर एक तांबडी गाय बसायची. मालक कोण, ठाऊक नाही. सकाळी स्टेशनच्या बाजूला एक बाई गवताच्या पेंढ्या घेऊन बसते. लोक दहा-वीस रुपये देतात, गाईला पेंढी घालतात, शेपटीला हात लावून कपाळाला लावतात आणि लोकल पकडतात. गवत संपलं की गाय आमच्या गल्लीत येऊन उकिरड्यात तोंड घालायची. पुण्याची वेळ सकाळची असते. पोट दिवसभर असतं.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. उकिरड्याला ती अजून कोणी सांगितलेली नाही. घराघरातून पिशवीला गाठ मारून खरकटं येतं. गाईला गाठ सोडता येत नाही. ती गाठीसकट गिळते. त्यात शिळी पोळी असते, भात असतो, आणि ब्लेड, टाचणी, तारेचा तुकडाही असतो.

एप्रिलात मला वाटलं, गाय सुस्त झालीय. मग दिसलं की ती पुढचे कोपरे बाहेर काढून उभी राहते, जशी काखेत गळू झालेला माणूस हात लांब धरतो. गेटासमोरच्या उतारावरून खाली जायला नको म्हणायची. खाली बसताना कण्हायची. जबड्याखाली अन् छातीपुढच्या पोळीत पाणी भरलं. मानेवरची शीर दोरखंडासारखी फुगली. मी आमच्या सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "तू माल बघ, गाय काय बघतो?"

शेवटी गल्लीतल्या कोणीतरी फोन केला आणि जनावरांची एक डॉक्टरीण आली. माझ्याच वयाची असेल. पायात गमबूट, खांद्याला पिशवी. तिनं गाईच्या पाठीवर, खांद्यामागं चिमटा घेतला. म्हणाली, "निरोगी गाय चिमटा घेतला की पाठ खाली दाबते. ही दाबत नाही. दाबलं की आत दुखतं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, बांबू मिळेल का? आणि एक माणूस." मी बांबू आणला. तो गाईच्या छातीखालून आडवा घालून दोघांनी दोन बाजूंनी हळूच उचलला आणि एकदम सोडला. गाय कण्हली. डॉक्टरणीनं नळी छातीला लावून बराच वेळ ऐकलं आणि नळी माझ्या कानाला दिली. आत ठोका नव्हता. अर्ध्या भरलेल्या कळशीत पाणी हिंदकळावं तसा आवाज होता.

"काळजात तार गेलीय," ती म्हणाली.

मला ते कवितेतलं वाक्य वाटलं. ते कवितेतलं नव्हतं. त्या रोगाला इंग्रजीत सरळ हार्डवेअर रोग म्हणतात. लोखंडी सामानाच्या दुकानाचं नाव रोगाला!

तिनं रस्त्यावर बसून मला समजावलं. गाय बारीक चावत नाही. जिभेनं ओढते, गिळते, मग सावकाश रवंथ करते. शेळी ओठांनी निवडून खाते, म्हणून ती बहुतेक वाचते. गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला दुसरा मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो आणि सगळ्यात पुढं, खाली असतो. जड वस्तू त्यातच पडते आणि जाळीत अडकते. तो कप्पा सारखा आवळतो, सैल होतो. दर आवळण्यानं तार पुढं सरकते. पुढं पडदा आहे, आणि पडद्याच्या पलीकडं लगेच काळीज. मध्ये काही बोटांचंच अंतर. तार आपल्याबरोबर पोटातली घाण नेते. काळजाभोवतीच्या पिशवीत पू साठतो. काळीज पुवात बुडून धडधडत राहतं. त्याला उघडायला जागा उरत नाही, म्हणून रक्त माघारी तुंबतं. मानेची शीर म्हणून फुगते, छातीत पाणी म्हणून उतरतं.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"तार पोटात असताना करता येतं. काळजात गेल्यावर फार उशीर झालेला असतो."

चौथ्या दिवशी गाय मेली. ठेकेदाराची गाडी आली. गाडीवर चौघं होते. त्यांची आडनावं मला विचारावी लागली नाहीत. हार घालायला मात्र गल्लीतली बरीच माणसं आली. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. उचलायची वेळ आली तेव्हा सगळे चार पावलं मागं सरकले. चौघं आणि मी पुढं झालो. मी का पुढं झालो? खरं सांगतो, मला त्या वेळी कळलं नाही. हात आपोआप गेले.

खाडीच्या बाजूला तिवरांच्या अलीकडं खड्डा खणला होता. डॉक्टरणीनं आधी नाकातोंडातून रक्त आलंय का ते बघितलं. नव्हतं. असतं तर तिनं सुरी लावली नसती. फाशीचा रोग असेल तर जनावर फाडायचं नसतं. हवा लागली की त्याचे जंतू कवच घेऊन मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि माणसाला काळपुळी होते. हे ऐकताना मला आज्याचा भाऊ आठवला. मी त्याला पाहिलेलं नाही. माय सांगायची, ढोर सोलताना त्याच्या दंडावर काळा फोड आला अन् तो आठ दिवसांत गेला. गावानं म्हटलं, देवीचा कोप. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की हे ढोर फाडू नको. सांगणारे होते, पण त्यांना ते ढोर हद्दीतून बाहेर गेलेलं हवं होतं.

तिनं पोट उघडलं. मी पाय धरला होता. प्लास्टिकचा ओला गोळा निघाला, दोन हातांत मावेना. त्यात साडीची किनार, दोरी, एक चमचा. जाळीच्या कप्प्यात तीन खिळे, एक वायसर आणि नाणं. मग तिनं पडदा कापला आणि काळीज माझ्या हातात दिलं. वरची पिशवी जाड चामड्यासारखी झाली होती. ती फाडली तर घाण वासाचा पू आला. आत काळजावर पिवळट, खरबरीत थर. तो सोलला, आणि त्यात तार होती. बोटाएवढी. टोक काळं पडलेलं.

मी दगडासारखा उभा. ती म्हणाली, "याला पुस्तकात ब्रेड-बटर म्हणतात. लोणी लावलेले दोन पाव एकमेकांना चिकटवून ओढले की जसं दिसतं तसं."

मला हसू आलं अन् मळमळलंही. भुकेल्या जनावराच्या कुजलेल्या काळजाला लोणी-पावाचं नाव! मी तिच्याकडं ते पुस्तक मागितलं. तिनं दुसऱ्या दिवशी कॉलेजातलं जुनं पुस्तक आणून दिलं. आणि त्याच रात्री घरी भडका उडाला.

बानं वास ओळखला. मी साबणानं तीनदा हात धुतले होते. तरी त्यानं ओळखला.

"ढोराला हात लावलास?"

मी सांगितलं. डॉक्टरीण होती, पोस्टमॉर्टेम होतं, रोगाचा शोध होता, सगळं सांगितलं. तो ऐकून घेईना.

"बाबासाहेबानं सांगितलं तव्हा सोडलं. तुह्या आज्यानं सोडलं. गावानं पीठगिरणी बंद केली, तरी धरलं न्हाई. अन् तू कामून धरलंस? कोणी बळजोरी केली का? पोटाला कमी हाय का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेली ढोरं ओढायची नाहीत, मेल्याचं मांस खायचं नाही, असं आपण ठरवलं. आमच्या जालन्याकडं ते पोचायला अन् टिकायला वर्षं लागली. १९५६ च्या दीक्षेनंतर आज्यानं सुरी पुरली. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. त्या रात्री बानं पुढचं सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं.

"बहात्तरच्या दुष्काळात त्यानं ती सुरी पुन्हा उकरली. म्या सहा वर्साचा. ढोरं पटापटा मरत व्हती अन् आमच्या पोटात काई नव्हतं. आज्या रात्री जायचा. माय चान्या वाळू घालायची त्या कापडाखाली झाकून. शाळेत पोरांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. म्या त्या वासाला विसरलो न्हाई. आज तू तोच वास घरात आणलास."

एवढं बोलून तो गप्प झाला. पंधरा दिवस.

त्या पंधरा दिवसांत मी पुस्तक वाचलं. दहावी नापास माणूस, शेजारी डिक्शनरी. रातपाळीला भट्टी तापेपर्यंत दोन पानं, सुट्टीला दहा. मेंदू, डोळा आणि काळीज, अशी प्रकरणं आधी घेतली.

मेंदूत पिसाळण्याचा रोग. कुत्रं चावलं की विष रक्तातून नाही, नसेच्या दोरीनं मेंदूकडं चढत जातं. मेंदूच्या पेशीत रंग दिला की लाल ठिपके दिसतात. नेग्री नावाच्या इटालियन माणसानं ते १९०३ साली दाखवले. आपल्याकडं म्हणतात गाय पिसाळत नाही. गायही पिसाळते. घशात काहीतरी अडकलं म्हणून भला माणूस तोंडात हात घालतो अन् स्वतःच मरणाच्या दारात जातो.

डोळ्यात किडा. गाईगुरांच्या पोटात दोऱ्यासारखा एक पांढरा किडा असतो. गाईला त्याचा फारसा त्रास नाही. पण डास त्याची पिल्लं घोड्यात किंवा शेळीत नेतो. परक्या शरीरात त्याला आपली जागा सापडत नाही. तो भटकतो, पाठीच्या कण्यात शिरतो आणि जनावराचे मागचे पाय लुळे पडतात. घोड्याच्या डोळ्यात गेला तर बुबुळामागच्या पाण्यात वळवळताना नुसत्या नजरेला दिसतो. मी पान मिटून बसलो. जागा न सापडलेला जीव कुठं कुठं शिरतो!

आणि काळीज. लाळ-खुरकूत आलं की मोठ्या जनावराच्या तोंडाला, खुराला फोड येतात, बहुतेक वाचतात. पण लहान वासरू फोड यायच्या आधीच पडतं. फाडून बघितलं तर काळजाच्या स्नायूवर पिवळट-करडे पट्टे. पुस्तकात त्याला वाघाचं काळीज म्हणतात. दोस्तहो, आपण १९७२ पासून वाघाचं नाव छातीवर लावून फिरलो. वाघाचं काळीज असणं म्हणजे काय, हे मला या पानावर कळलं. पट्टे शौर्याचे नसतात. रोग जिथून गेला, तिथं मेलेल्या मांसाचे असतात. म्हणून मी ते नाव सोडणार नाही. पण आता घोषणा देताना ते वासरू आठवतं.

पुस्तकात सगळीकडं खाण्याचीच नावं. काळीज थकून रक्त तुंबलं की काळजाशेजारच्या यकृताला जायफळासारखी नक्षी येते, म्हणून जायफळी यकृत. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या घरी जायफळ होतं, लोणी होतं, पाव होता. आमच्या आज्याकडंही शब्द होते. चानी, लकुटी, वजडी, फाशी. तोही आतलं बघून सांगायचा की ढोर कशानं गेलं. परळच्या पशुवैद्यक कॉलेजात १८८६ पासून जनावर फाडून शिकवतात. पुण्याला १८८९ साली सरकारनं जंतूंची प्रयोगशाळा काढली, ढोरांच्या रोगांसाठी. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून प्रत्येक गावकुसाबाहेर एक माणूस रोज हेच करत होता. एकाच्या हाताला विद्या म्हटलं, दुसऱ्याच्या हाताला विटाळ. सुरी तीच होती.

नुसतं विटाळ म्हणून थांबले नाहीत. इंग्रजी अमलातल्या कागदांत उत्तरेकडच्या चामड्याचं काम करणाऱ्या जातींवर आळ आहे, की कातड्यासाठी हेच ढोरांना विष घालतात. साथीनं ढोरं मेली तरी संशय यांच्यावर. आणि जुलै २०१६ मध्ये उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून झोडलं. तेव्हा गुजरातेतल्या आपल्या लोकांनी सुरेंद्रनगरला मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची माता, तुम्हीच उचला. बा त्या दिवशी मोबाईलवर ते बघून रडला होता.

आता तारेचं सांगतो. काळजातली तार मी धुऊन खिशात घातली होती. माझ्या खिशात नेहमी चुंबकाचा तुकडा असतो, फुटलेल्या स्पीकरमधला. भंगार निवडताना लागतो. साधं लोखंड चुंबकाला चिकटतं. स्टेनलेसची चांगली पत्ती चिकटत नाही. मला भीती होती, की तार चिकटली नाही तर ती आमच्या गल्लीतली, आमच्या हातची. लावून बघितली. चिकटली. हायसं वाटलं. आणि लगेच आठवलं, की पत्तीचे बंडल आम्ही याच साध्या लोखंडी तारेनं बांधतो. बिल्डिंगवालेही सळया याच तारेनं बांधतात, अन् भाईंदरात कुठं बिल्डिंग चालू नाही? तार कुणाची, हे तार सांगत नाही.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरणीनं एक गुळगुळीत चुंबक दाखवला, बोटाएवढा. निरोगी गाईला तो गिळायला लावतात. जाळीच्या कप्प्यात तो पडून राहतो आणि आलेला खिळा, तार धरून ठेवतो, पुढं जाऊ देत नाही.

मी म्हणालो, "मॅडम, स्टेनलेस धरणार नाही हा."

"म्हणजे?"

मी तिला सांगितलं. भट्टीतून नरम होऊन आलेली पत्ती चुंबक धरत नाही. थंड रोलमधून काढली की थोडी धरते, परत भट्टीत गेली की सोडते. ज्यात निकेल नाही असा हलका मालही येतो, तो मात्र पूर्ण धरतो. म्हणजे आमच्या गल्लीतली गाय चुंबक गिळूनही मरू शकते. तिनं वही काढली आणि माझं वाक्य लिहून घेतलं. मी बघत राहिलो. आमच्या घराण्यात जनावराच्या मरणाविषयी आजवर खूप काही सांगितलं गेलं असेल. ते कोणीतरी लिहून घेतलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तिची जात मी विचारली नाही. तिनं माझी विचारली नाही. एवढ्यानं जग बदललं असं मी म्हणत नाही. वही मिटली अन् मी पाळीला गेलो.

सोळाव्या दिवशी बा जेवताना म्हणाला, "ती तार कुठंय?"

मी काढून दिली. त्यानं ती उजेडाला धरली. बोटानं टोक बघितलं. मग ताटाकडं बघत बोलला. "आज्या असं सापडलेलं फेकत नव्हता. खिळा, सुई, दाभणाचं टोक, समदं एका डबीत ठिवायचा. मालक आला की डबी उघडायचा. म्हणायचा, पाटील, बगा, तुमच्या ढोराच्या काळजातून हे निघालं. म्या इख न्हाई घातलं."

मी घास तसाच धरून बसलो. आम्ही ज्याला घाण म्हणून पुरलं, ती आज्याची साक्ष होती. ढोर का मेलं हे त्याला शिकावंच लागलं, कारण प्रत्येक मेलेल्या ढोरामागं त्याला आरोपी व्हावं लागत होतं. डॉक्टरीण रोगाचं कारण शोधत होती. आज्या स्वतःची सुटका शोधत होता.

"डबी कुठं गेली?" मी विचारलं.

"सुरीसंगं पुरली. अन् सुरी उकरली तव्हा डबी न्हाई उकरली. दुष्काळात कोण इचारतंय, कशानं मेलं म्हून."

मग तो म्हणाला, "तू शिक. पुस्तक वाच, डाक्टरला सांग, लिही. पण ओढायला बोलावलं तर जायचं न्हाई. समजलं?"

मी "व्हय" म्हणालो. माझं म्हणणं पूर्ण तसं नाही. ज्यांची आडनावं मी विचारली नाहीत ते चौघं अजून रोज ओढतात, हातमोज्याशिवाय. मी नाही म्हणू शकतो, कारण मला पत्तीची मिल आहे. त्यांच्यासाठी कुठली मिल आहे, ते बाला विचारायचं राहिलं.

सध्या एवढंच करतो. पाळी सुटली की गेटापुढचा उतार झाडतो. स्पीकरचा चुंबक सुतळीला बांधून फिरवला की लोखंडी तारेचे तुकडे येतात. स्टेनलेसचे येत नाहीत. ते खाली बसून हातानं वेचावे लागतात. परवा बा डबा घेऊन आला होता. थोडा वेळ उभा राहिला, मग बसला आणि दोन तुकडे त्यानं उचलून माझ्या हातावर ठेवले. समोर दुसरी गाय आली आहे. पांढरी आहे.